मदत हवी आहे: ज्वारी चुन्याच्या पाण्यात उकळायची तर चुना किती, उकळी किती?

मक्यातलं नायसिन, म्हणजे ब३ जीवनसत्त्व, बांधलेलं असतं. चुन्याच्या पाण्यात उकळल्याशिवाय ते फारसं अंगी लागत नाही. निव्वळ मक्यावर राहणाऱ्यांना पेलाग्रा हा आजार होतो तो मुख्यतः यामुळे: उन्हात उघड्या मानेवर हारासारखा काळपट, खरखरीत पट्टा, सोबत जुलाब.

मक्यासाठी मेक्सिकोची रीत जमते. १ किलो दाणे, ३ लिटर पाणी, १० ग्रॅम खायचा चुना. ४० मिनिटं उकळायचं, रात्रभर तसंच ठेवायचं, मग साल सुटेपर्यंत तीन-चार पाण्यांनी चोळून धुवायचं. धुणं कमी पडलं की भाकरी साबणासारखी लागते. पातेलं स्टीलचंच हवं, अल्युमिनियमला चुना खातो.

अडतंय ते ज्वारीत. दाणा बारीक, लगेच गिच्च होतो, पीठही हिरवट पडतं. मालदांडी ज्वारीला कुणी ५ ग्रॅम चुना वापरून पाहिलाय का? किती मिनिटं उकळलीत?