मदत हवी आहे: रक्त संयोजी ऊतींमध्ये कसं बसतं?

नमस्कार. पेशीविज्ञान आणि प्राणी ऊतींचा (एकसारखं काम करणाऱ्या पेशींच्या समूहांचा) अभ्यास नुकताच सुरू केला आहे. अभिस्तर ऊती (पृष्ठभाग झाकणाऱ्या) नीट समजल्या: पेशी दाटीने बसलेल्या, खाली आधारपटल म्हणजे पातळ आधारपडदा, मधे जागा जवळजवळ नाहीच. संयोजी ऊतींमध्ये याच्या उलट, पेशी विरळ आणि भोवती भरपूर आधारद्रव्य, म्हणजे पेशींमधली जागा भरणारा पदार्थ. हाडात ते कॅल्शिअमच्या क्षारांमुळे कडक, कूर्चेत (कानाच्या पाळीत असते तशा मऊ हाडात) लवचीक. इथपर्यंत पटतं.

अडतंय ते रक्तापाशी. रक्तद्रव (रक्तपेशी ज्यात तरंगतात तो द्रव) हेच रक्ताचं आधारद्रव्य, असं शिकवतात. पण कूर्चेचं आधारद्रव्य कूर्चेच्याच पेशी तयार करतात, हाडाचंही तसंच. रक्तद्रवात मात्र सुमारे 90 टक्के पाणी, आणि अल्ब्युमिन, फायब्रिनोजेन ही त्यातली प्रथिनं बनतात यकृतात! इतर संयोजी ऊतींत असतात तसे तंतूसुद्धा रक्तात गुठळी होतानाच दिसतात. मग रक्त या गटात आलं ते भ्रूणाच्या मध्यस्तरातून (सुरुवातीच्या तीन थरांपैकी मधल्या थरातून) उगम होतो म्हणून का? पण स्नायूही बहुतेक मध्यस्तरातूनच येतात, म्हणजे तेवढं कारण पुरत नाही. पाठ करून पुढे जाता येईल, पण मला वर्गीकरणामागचा खरा निकष समजून घ्यायचा आहे.

जाता जाता आणखी एक. श्वासनलिकेच्या अभिस्तरात केंद्रकं वरखाली असल्याने अनेक थर वाटतात, प्रत्यक्षात प्रत्येक पेशी आधारपटलाला टेकलेली असते. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली हे खात्रीने कसं ओळखायचं?

शिकवणाऱ्या किंवा स्लाइड नेहमी पाहणाऱ्या कुणी सविस्तर सांगितलं तर फार उपयोग होईल.