लेथच्या टेलस्टॉकसाठी ड्रिल चक: चावीचा घ्यावा की बिनचावीचा?

जळगाव, चर्चेची सुरुवात

जिनिंगचा हंगाम तोंडावर आला की आमच्याकडे गनमेटलच्या (तांब्याच्या मिश्रधातूच्या) बुशांचे, म्हणजे आत बसवायच्या नळकांड्यांचे, काम वाढते, आणि नेमका तेव्हाच टेलस्टॉकमधला (लेथच्या न फिरणाऱ्या टोकातला) ड्रिल धरणारा जुना 13 मिमीचा चक दगा देतो. ड्रिल आरपार निघण्याच्या क्षणी गनमेटल त्याला आत ओढते, झिजलेल्या जबड्यांत ते गरकन फिरते आणि शँकवर, म्हणजे ड्रिलच्या दांड्यावर, गोल ओरखडे उठतात. आता नवा चक घ्यायचाच आहे, आणि माझे स्पष्ट मत आहे की लेथसाठी बॉल बेअरिंगचा, चावीने आवळायचा भारी चकच घ्यावा. चकात विसरलेली चावी उडून लागण्याची भीती ड्रिल मशीनवर खरी आहे, कारण तिथे चक फिरतो. लेथवर जॉब, म्हणजे कामाचा तुकडा, फिरतो आणि चक जागेवर असतो. मग बिनचावीच्या ज्या सोयीसाठी दुपटीने पैसे मोजायचे, ती इथे अर्धीसुद्धा उपयोगी पडत नाही.

धुळे, उत्तर

भाऊ, सुरक्षिततेचे तुमचे म्हणणे मान्य आहे, पण वेळेचा हिशेब तुम्ही धरलेलाच नाही. एका बुशला सेंटर ड्रिल, मग 6 मिमी, मग 12 मिमी असे तीन वेळा ड्रिल बदलावे लागते. शंभर बुशांना तीनशे वेळा, आणि दर वेळी चावी शोधा, तिन्ही भोकांत घालून आवळा. बिनचावीचा चक हाताने बंद होतो आणि कटिंगचा जोर वाढेल तसा आपोआप अधिक घट्ट होतो. ज्या ओरखड्यांची तुमची तक्रार आहे, ते त्यात सहसा उठत नाहीत.

जळगाव

दादा, हे आपोआप घट्ट होणेच मला नको आहे. शेजारच्या शेडमध्ये मी पाहिले आहे: 12 मिमीचे ड्रिल चालवल्यावर चक असा आवळला गेला की हाताने सुटेना, हेल्परने पाईप पाना लावला आणि स्लीव्हची खाचदार कड कायमची खराब केली. शिवाय आम्ही त्याच चकात टॅप धरतो आणि मशीन उलटी फिरवून बाहेर काढतो. उलट्या जोराला बिनचावीचा चक सैल पडतो, हा दोष नव्हे, त्याची रचनाच तशी आहे.

अमळनेर, उत्तर

आपण दोघेही चकावर वाद घालत आहात, पण आर्बर, म्हणजे चक टेलस्टॉकला जोडणारा दांडा, कोणी पाहिला आहे का? खरेदीआधी एक तपासणी करावी, असे मी आग्रहाने सांगेन. टेलस्टॉकच्या चकात 10 मिमीची ग्राइंड केलेली पिन धरावी, डायल (सरकणे मोजणारे घड्याळ) हेडस्टॉकच्या, म्हणजे जॉब फिरवणाऱ्या बाजूच्या, चकात बांधावी आणि स्पिंडल हाताने फिरवून डायल पिनभोवती न्यावी. डायल एकूण 0.30 मिमी हलली, तर पिन मध्यापासून 0.15 मिमी सरकलेली आहे. मग आर्बर सोडवून चकासह अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवावा. उंच बाजू चकाबरोबर फिरली, तर दोष चकात किंवा आर्बरमध्ये. होती तिथेच राहिली, तर टेलस्टॉकच सरकलेला आहे, आणि मग कितीही महागडा चक आणला तरी भोक तसेच मोठे पडणार.

आणखी एक गोष्ट. आर्बरचा टेपर, म्हणजे चक बसतो तो निमुळता भाग, वेगवेगळ्या मापांचा असतो: जेकब्ज 33 टेपरचे मोठे टोक सुमारे 15.85 मिमी, बी16 चे 15.73 मिमी, दिसायला दोन्ही जुळी भावंडे, पण उतार वेगळा. जेकब्ज 33 चा साधारण 1:15.7, तर बी16 चा 1:20. एकाचा चक दुसऱ्याच्या आर्बरवर ठोकला तर बसल्यासारखा वाटतो, मात्र एकाच कडेवर टेकतो आणि डुलत राहतो.

जळगाव

आज सकाळी तपासले. उंच बाजू चकाबरोबर फिरली. चक उतरवला तेव्हा त्यावर बी16 आणि आर्बरवर 33 असे कोरलेले दिसले; कित्येक हंगाम आम्ही सेंटर ड्रिलच्या धारेला दोष देत होतो. चक तर झिजलाच आहे, त्यामुळे आता जुळणारा, मोर्स 3 चा (टेलस्टॉकच्या भोकात बसणाऱ्या टेपरचा) आर्बर चकाबरोबरच मागवत आहे. चक मात्र चावीचाच घेणार.

धुळे

घ्यावा, पण 12 मिमीच्या वरचे काम त्यात करू नका. तिथे टेपर शँकचे ड्रिल थेट टेलस्टॉकमध्ये लावा. आणि सेंटर ड्रिल ते 6 मिमीपर्यंतच्या कामाला एक लहान बिनचावीचा चक वेगळ्या आर्बरवर ठेवा, या मतावर मी अजून ठाम आहे.