मदत हवी आहे : मनगटातून मेंदूची अँजिओग्राफी, पण धमनीलाच वळसा

आईच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा (अन्युरिझम) आहे. उजव्या मनगटातून अँजिओग्राफी करायला घेतली, पण वायर कोपराशीच अडली. डॉक्टरांनी नंतर चित्र दाखवलं : रेडियल धमनी (मनगटापासून कोपरापर्यंतची रक्तवाहिनी) सरळ वर न जाता आकड्याच्या पिनेसारखी पूर्ण वळलेली. वायर ढकलली की आई कळवळायची म्हणे. शेवटी जांघेतून केलं. ते नीट झालं, पण पाय न हलवता तासन् तास पडून राहणं तिला फार जड गेलं, कंबर आधीच धरलेली.

हा जन्मजात फरक आहे, आजार नव्हे, असं कळलं. कुणाची रेडियल कोपराऐवजी वर दंडातूनच फुटते, कुणाची असा वळसा घेते. आता कॉइलिंग (नळीतून बारीक तारेची वेटोळी फुग्यात भरून तो बंद करणं) करायचंय आणि त्याची नळी जाडसर, ६ फ्रेंच (नळीच्या जाडीचं माप) म्हणजे २ मिलिमीटर.

कुणाचं डाव्या मनगटातून झालंय का? दोन्ही हातांच्या धमन्या सारख्याच असतात असं नाही ना? आधी हाताची डॉपलर सोनोग्राफी (धमनीतला रक्तप्रवाह दाखवणारी) करून घ्यावी का? निर्णय डॉक्टरांचाच, पण भेटीत नेमकं काय विचारू? इथे कुणी कॅथलॅबमधलं (जिथे अँजिओग्राफी करतात तिथलं) असेल तर जरूर सांगा.