साठीनंतर नजर अधू होणे कितपत सर्रास आहे?

प्रश्न
आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात नेत्रतपासणी शिबिराचा विषय निघाला, तेव्हा "वयोमानाने एवढे व्हायचेच" म्हणून बऱ्याच सभासदांनी तो टाळला. माझ्या आईलाही तांदूळ निवडताना खडा दिसत नाही आणि एसटीची पाटी गाडी जवळ आल्याशिवाय वाचता येत नाही, पण तिची तक्रार नाही. उतारवयात किती जणांची दृष्टी आणि कशामुळे जाते?

प्रतिसाद १
२०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नास व त्यापुढील वयाच्या लोकांचे डोळे तपासले गेले. निकोप डोळ्याला ६० मीटरवरून ओळखता येणारी खूण त्यातल्या त्यात बऱ्या डोळ्यानेही, नेहमीचा चष्मा लावून, ३ मीटरवरून ओळखता न येणे, अशी अंधत्वाची मर्यादा धरल्यावर त्यांच्यातील अंधांचे प्रमाण १.९९ टक्के निघाले. आकडा लहान वाटेल; पण सौम्य ते तीव्र दृष्टिदोष त्यात मिळवले, की प्रमाण २६ टक्क्यांपुढे, म्हणजे चौघांत एकाहून अधिक, असे होते. तुमच्या आई बहुधा या मोठ्या गटात असतील. अंधत्वाच्या सुमारे दोन तृतीयांश प्रकरणांचे कारण मोतीबिंदू होते आणि मोतीबिंदूवर शस्त्रक्रियेचा खात्रीचा उपाय आहे. त्यामुळे "व्हायचेच" हे उत्तर मला मुळीच मान्य नाही.

प्रतिसाद २
"मोतीबिंदू पिकू दे, मग काढू" हा सल्ला कृपया कोणाला देऊ नका. आता तो पिकण्याची वाट पाहावी लागत नाही. उलट फार कडक झाला, तर शस्त्रक्रिया अवघड होते. काचबिंदूत तर नजर कडेने आक्रसत जाते, समोरचे बराच काळ स्वच्छ दिसत राहते आणि गेलेली दृष्टी परत येत नाही, म्हणून तक्रार नसणे हा डोळे चांगले असल्याचा पुरावा धरू नये.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. शिबिरात चष्म्याचा नंबर काढला, तर पुरेसे होईल का?

प्रतिसाद २
नाही. डोळ्यांतील दाब मोजणे आणि पडदा तपासणे आवश्यक आहे, मधुमेह असलेल्यांचा तर नक्कीच. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसते, म्हणून प्रत्येकाने घरचे कोणी सोबत आणावे, असे सूचनाफलकावर आधीच लिहा.