'जाती' की 'प्रजाती'? काळवीट आणि जीवाणू एका पानावर

परभणीहून प्रश्न: मुलीच्या प्रकल्पवहीत एका बाजूला काळवीट चिकटवलाय, दुसऱ्या बाजूला तेल खाणारा जीवाणू. दोन्हींखाली तिनं 'प्रजाती' लिहिलं. बाईंनी लाल पेनानं 'प्र' खोडला. पेपरात तर रोज 'हरणाची प्रजाती' वाचतो. खरं काय?

उत्तर, बीड: बाईंचं बरोबर आहे. पाठ्यपुस्तकातली उतरंड कुल, मग प्रजाती, मग जाती अशी उतरते. जीवाणूंमधली सुडोमोनास ही प्रजाती, सुडोमोनास पुटिडा ही जाती. काळविटाचं नाव अँटिलोप सर्विकॅप्रा. त्या प्रजातीत तो एकटाच. पेपरवाले 'जात' लिहायला बिचकतात आणि पुढं 'प्र' लावून मोकळे होतात, असा माझा आपला अंदाज.

नावांचे अर्थ बघा. लॅटिनमध्ये सर्व्हस म्हणजे हरीण, काप्रा म्हणजे शेळी. आणि पुटिडा म्हणजे घाण वासाचा!

धाराशिवहून: पण काळवीट हरीण आहे का? चितळ-सांबराची शिंगं भरीव हाडाची, दरवर्षी गळून नवी येतात. काळविटाची हाडावर चढलेली खोळ, ती जन्मभर राहते. इंग्रजीत दोघांना वेगळे शब्द आहेत. आमच्याकडं हरभऱ्यात कळप शिरला की 'हरणं पडली' एवढंच, आणि 'काळवीट' म्हणजे त्यातला शिंगवाला काळा नर. मला यात चूक वाटत नाही.

बीड: नाहीच. बोलीतला शब्द जुना, वर्गीकरण नंतरचं.

खरी पंचाईत जीवाणूची. एका जातीचे प्राणी आपसांत वीण करतात, ही व्याख्या काळविटाला चालते. जीवाणू एकाचे दोन होतात, वीण कुठली? वर प्लाझ्मिड नावाची डीएनएची कडी एकमेकांना देतात. पुटिडाच्या काही वाणांत कापूर पचवायचं सामान अशाच कडीवर असतं, काहींत डांबरगोळीतलं नॅप्थलीन पचवायचं. शास्त्रज्ञ आनंदमोहन चक्रवर्तींनी तेल खाणारा जीवाणू घडवायला अशा कड्या एकाच सुडोमोनासात आणल्या. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 1980 मध्ये 5 विरुद्ध 4 मतांनी त्या जीवाणूवर त्यांना पेटंटचा हक्क दिला. उसनवारीवर असा संसार चालत असेल तर जातीची कुंपणं ढिली पडणारच. म्हणून तिथं डीएनए किती जुळतो त्यावर जात ठरवतात.

परभणी: वर 'वाण' लिहिलंत. म्हणजे ज्वारीचा 'परभणी मोती' तसाच?

बीड: तसाच. जातीच्या खालची पायरी. फक्त 'तो वाण' म्हणा. 'ते वाण' संक्रांतीला सवाष्णींना देतात.