उधारीच्या ॲपचा डेटा : गावात रेप्लिका हवी की नुसता बॅकअप पुरे?

वणीकर
कृषी केंद्राच्या उधारीचं ॲप, सांभाळणारा एकच माणूस. डेटाबेस पोस्टग्रेस, डेटा जेमतेम 2 जीबी, सर्व्हर मुंबईत भाड्याचा. माझं म्हणणं, दुकानातल्या मिनी पीसीवर स्ट्रीमिंग रेप्लिका, म्हणजे मूळ डेटाबेसमागोमाग बदलत राहणारी प्रत, ठेवावीच. मोबाइल नेटवर पब्लिक आयपी (बाहेरून थेट जोडता येणारा पत्ता) मिळत नाही, पण वायरगार्ड या व्हीपीएनची जोडणी दुकानाकडूनच निघते, म्हणून अडत नाही. जोडणी जिवंत ठेवणारा कीपअलाइव्ह 25 सेकंद ठेवा. मुंबईचा सर्व्हर गेला तरी कास्तकारांचं खातं गावात शाबूत.

दारव्हा
काहून एवढा खटाटोप, भाऊ? रेप्लिका म्हणजे बॅकअप नव्हे. 'व्हेअर' (कोणत्या नोंदी ही अट) विसरून डिलीट मारला की तिकडचंही लगेच साफ. वरून स्लॉटची भानगड, म्हणजे रेप्लिका कुठवर पोचली याची सर्व्हरवरची खूण. वादळात गावची लाईन गेली की रेप्लिका परत येईपर्यंत मुंबईचा सर्व्हर वॅल फाइली (प्रत्येक बदलाची नोंदवही) साठवत बसतो, आणि मूळ सेटिंगमध्ये त्याला मर्यादाच नाही. डिस्क भरली की पोस्टग्रेस बंद. खांब पडला गावात अन् ॲप झोपलं मुंबईत! तासातासाला पीजी डंप (अख्ख्या डेटाची फाइल) घ्या, झालं.

वणीकर
उधारीच्या नोंदींनी दोन दिवसांत डिस्क भरत नाही. आर्काइव्ह टाइमआउट (नवी वॅल फाइल सुरू करायची मुदत) 60 सेकंद ठेवून नोंदी सतत चालू असल्या, तर गोष्ट वेगळी : मिनिटाला 16 एमबीची एक फाइल, दिवसाला 23 जीबी. तरी स्लॉटसाठी किती वॅल साठवायचं ते ठरवणारं मॅक्स स्लॉट वॅल कीप साइझ 4 जीबी करा, पोस्टग्रेसच्या आवृत्ती 13 पासून ते आहे. मर्यादा ओलांडली तर रेप्लिका बाद होईल, सर्व्हर नाही. बेसबॅकअपनं (सर्व्हरची पूर्ण प्रत घेऊन) रात्रीतून नवी करता येते. डिलीटची भीती असेल तर रेप्लिकेत बदल उशिरा लावणारं रिकव्हरी मिन अप्लाय डिले 6 तास. चूक तेवढ्यात लक्षात आली की रेप्लिका थांबवायची अन् जुना डेटा काढून घ्यायचा.

चांदूर रेल्वे
एकच रेप्लिका असताना तिला सिंक्रोनस करायची (तिची पोच आल्यावरच कमिट, म्हणजे नोंद पक्की) हुशारी कोणी करू नका, राजेहो. लाईन गेली की प्रत्येक कमिट तिची वाट पाहत लटकतो. दुसरं म्हणजे मिनी पीसी चोरीला गेला तर अख्ख्या तालुक्याच्या उधाऱ्या आणि फोन नंबर चोराच्या हाती. म्हणून लक्स (डिस्कचं एन्क्रिप्शन) पायजेच. पण पूर्ण डिस्क लक्समध्ये टाकली तर लाईन आल्यावर मशीन पासफ्रेज मागत अडून राहतं, आणि दुकानात ते टाकणारं कोणी नसतं. फक्त डेटाचं पार्टिशन लक्समध्ये ठेवा. सिस्टीम आपोआप उठते, मग एसएसएचनं (दुरून लॉगिन करून) कुलूप उघडा आणि त्यानंतरच पोस्टग्रेस सुरू करा. राउटरही यूपीएसवरच. आधार नंबर साठवूच नका.

दारव्हा
लक्स मान्य. पण सहा तासांचा डिले म्हणजे शनिवारची चूक सोमवारी कळली की तुमची रेप्लिका बिनकामाची. 30 दिवसांचे डंप लागतातच. ते सर्व्हरवरच 'एज' या एन्क्रिप्शन साधनाच्या पब्लिक कीनं कुलूपबंद करा. ते उघडणारी प्रायव्हेट की सर्व्हरवर नको, कागदावर छापून दोन घरी ठेवा. डंप गावच्या मशीननं ओढून घ्यावेत. मुंबईच्या सर्व्हरला इकडं लिहायचा हक्क दिला, तर तिथं घुसलेला माणूस बॅकअपही पुसतो. आणि महिन्यातून एकदा रिकाम्या डेटाबेसमध्ये रिस्टोर करा. डंप सुरू झाला त्या वेळची एकूण बाकी टिपून ठेवलेली असेल, तिच्याशी बेरीज पैशापर्यंत जुळली पाहिजे.

वणीकर
तीस दिवसांचे डंप हवेत, कबूल. पण पेरणीच्या गर्दीत तासाभराची बिलं गेली तर ती कास्तकाराला कोणत्या तोंडानं मागायची? स्लॉट ठेवतोच.