मदत हवी आहे: १२ सागरी मैलांपलीकडच्या प्रवाळांना कोणता कायदा लावायचा?

नमस्कार मंडळी,

सिंधुदुर्गातल्या एका मच्छीमार संस्थेला आंग्रिया बँकेच्या (समुद्रात बुडालेलं, प्रवाळांनी भरलेलं पठार) संरक्षणासाठी निवेदनाचा मसुदा करून देते आहे. कायद्याची विद्यार्थिनी आहे, वकील नाही, त्यामुळे जाणकारांनी कान धरला तरी चालेल.

आंग्रिया विजयदुर्गपासून साधारण १०५ किमी आत समुद्रात. माथा २० मीटरच्या आसपास, म्हणजे ही काही खोल समुद्रातली प्रवाळं नव्हेत, पण कायद्याचं त्रांगडं खोल समुद्रातल्या प्रवाळांसारखंच. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळं आहेत, मात्र अभयारण्य करायचं तर प्रादेशिक समुद्रातच, म्हणजे १२ सागरी मैलांपर्यंत. राज्याचा १९८१ चा मासेमारी कायदाही तिथेच संपतो.

शोधताना स्कॉटलंडचं प्रकरण सापडलं. तिथे वायव्येला सुमारे १,००० मीटर खोलीवर 'डार्विन माउंड्स' नावाचे प्रवाळांचे उंचवटे आहेत. १९९८ मध्ये ते सापडले, तेही तेल कंपन्यांनी करवून घेतलेल्या सर्वेक्षणात! पुढच्याच वर्षी ग्रीनपीसने अटलांटिकमधल्या तेलाच्या परवान्यांवरून ब्रिटिश सरकारला कोर्टात खेचलं. युरोपचा अधिवास निर्देश (वन्यजीवांच्या अधिवासांच्या रक्षणाचा युरोपीय कायदा) १२ मैलांपुरताच, असं सरकारचं म्हणणं. कोर्टाने ते मानलं नाही. लोफेलिया (माउंड्सवरचं) प्रवाळ वाढतं तेच मुळी मुख्यतः त्या हद्दीबाहेर, मग निर्देश २०० मैलांपर्यंत लागू. माउंड्सवर ट्रॉलिंगबंदी (तळावरून जाळी ओढण्यावर बंदी) मात्र २००३ मध्ये आली. तोवर जाळी फिरून गेली होती, आणि २०११ च्या पाहणीतही मोडलेल्या भागात नवं प्रवाळ रुजलेलं दिसलं नाही.

तर प्रश्न असा: आपल्याकडे १२ मैलांपुढे हात पोचेल असं कलम आहे का? आणि संस्थेची मंडळी धास्तावली आहेत. 'संरक्षित' म्हटलं की आधी आमच्याच होड्या अडवणार, असं त्यांचं म्हणणं, आणि ते चुकीचंही वाटत नाही. फक्त तळ खरवडणारं ट्रॉलिंग बंद करा, गळ राहू द्या, असं मागता येतं का?

आगाऊ आभार.

प्रतिसाद १
१९७६ चा सागरी क्षेत्र कायदा काढा, कलम ७. अनन्य आर्थिक क्षेत्रातला (किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या समुद्रातला) कुठलाही भाग केंद्र सरकार राजपत्रात 'निर्दिष्ट क्षेत्र' म्हणून जाहीर करू शकतं आणि तिथल्या पर्यावरणरक्षणाच्या तरतुदी करू शकतं. पोटकलम ७ तर देशातला चालू कायदा तिथवर वाढवायची मुभा देतं. वन्यजीव कायदाच वाढवून मागा.

प्रतिसाद २
गळाचं उदाहरण अझोरेसचं (अटलांटिकमधली पोर्तुगालची बेटं) द्या. युरोपने २००५ मध्ये तिथे तळाचं ट्रॉलिंग बंद केलं, गळाची मासेमारी चालू आहे. तेलासाठीच्या खोदकामाबद्दल काही मागणार असाल तर तो परिच्छेद वेगळा ठेवा, एकत्र केलात तर फाइल दोन मंत्रालयांत टोलवत राहतील. नॉर्वेत विहीर खोदण्याआधी कंपन्या तळाचं चित्रीकरण करून प्रवाळं कुठे आहेत ते नोंदवतात. मॉर्विन या तेलक्षेत्रात तर खोदकामाचा गाळ नळीने प्रवाळांपासून दूर नेऊन सोडला. एवढी अट मागणं काही अवाजवी नाही.

धागाकर्ती
दोघांचेही आभार, कलम ७ वाचलं, अगदी हवं तेच आहे. आता एवढंच सांगा: ही अधिसूचना नेमकं कोणतं मंत्रालय काढतं? निवेदनावर 'प्रति' म्हणून कोणाचं नाव घालू?